मागच्या खोलीच्या भिंतीवरून फॅमिली ग्रुपवर झालेली चर्चा

मनीषा वहिनी (दारव्हा): ओमचा खोकला पुन्हा सुरू झाला. दिवसा बरा असतो, रात्री मागच्या खोलीत झोपला की छातीत घरघर. दोनदा औषध झालं. आज झाडायला म्हणून लोखंडी कपाट सरकवलं तर मागची भिंत खालपासून कंबरेपर्यंत काळी-हिरवी! फोटो टाकला आहे. कपाटातल्या साड्याही कुबट वास मारून राहिल्या.

मोठेबाबा: भिंतीले ओल त दर पावसाळ्यात येते. पोळ्याच्या आधी पुट्टी अन् रंग मारून घे.

शुभांगी (नागपूर): मोठेबाबा, रंग नका मारू. आत ओल असली की बुरशी रंगाखालीही वाढते आणि पोपडे धरून वर येते. वहिनी, आज रात्रीपासून ओमला पुढच्या खोलीत झोपवा. बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासातून जातात. सर्दी, खोकला, दमा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच घरातली ओल आणि दमा यांचा संबंध सांगितला आहे. लहान लेकरं आणि म्हातारी माणसं यांना त्रास जास्त.

वनिता काकू: माय वं! २०२१ मधली ती काळी बुरशी त नाही ना? भाऊजींले शुगर आहे.

शुभांगी: नाही काकू. तो म्युकरमायकोसिस, एकाचा दुसऱ्याला होत नाही. भिंतीवरचे काळे डाग बहुधा दुसऱ्याच बुरशींचे असतात. तरी शुगर वाढलेली असेल तर भाऊजींनी ती भिंत खरवडायला जाऊच नये. दमा असलेल्यांनीही नाही.

पंकज (यवतमाळ): वहिनी, त्या भिंतीच्या बाहेरून काय आहे?

मनीषा वहिनी: कपाटाच्या बाजूच्या खिडकीत कूलर. मार्चपासून तिथंच आहे. टाकी थोडी पाझरते.

पंकज: मग अर्धं उत्तर तिथंच आहे. उरलेलं अर्धं पायात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि जुन्या घरांच्या पायाला डीपीसी (ओल वर चढू न देणारा थर) नसते, म्हणून ओल भिंतीत वर चढते. एक करा. भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येऊन राहिलं. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतच दमटपणा आहे. कूलर मात्र आजच काढा. टाकी कोरडी करा, कुजलेल्या ताट्या फेका. डासही कमी होतील.

मनीषा वहिनी: आणि ही काळी भिंत? ब्लीचिंग पावडर आहे घरात, संडासाचं ॲसिडही आहे. दोन्ही टाकून घासते.

शुभांगी: वहिनी, दोन्ही एकत्र अजिबात नको! क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत जीव जाऊ शकतो. प्लास्टरवर नुसतं ब्लीच मारूनही भागत नाही, वरचा डाग फिका होतो आणि आतली बुरशी तशीच राहते. कोरडं खरवडू नका, बीजाणू घरभर उडतील. आधी पाण्याचा हलका फवारा, मग साबणाच्या पाण्याने घासा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, पंखा बंद, घराकडचं दार बंद, खिडकी उघडी. तीन बाय तीन फुटांपर्यंत घरच्या घरी जमतं. तुमची भिंत त्याहून मोठी दिसते, मिस्त्री बोलवा. साड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. कापसाच्या गादीला बुरशी लागली असेल तर ती ठेवू नका.

मोठेबाबा: त्याच भिंतीले गव्हाचे कट्टे अन् भुईमुगाच्या शेंगा टेकवल्या आहेत.

शुभांगी: मोठेबाबा, शेंगा आधी पाहा. बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते लिव्हरला घातक आणि भाजूनही पुरतं जात नाही. अशा शेंगा फेका, ढोरांनाही घालू नका. चांगले कट्टे लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर.

वनिता काकू: आपल्या गावच्या त्या बाईले वर्षभर खोकला होता. टीबीची औषधं घेतली, शेवटी बुरशीची ॲलर्जी निघाली.

शुभांगी: हो काकू, दम्याच्या पेशंटमध्ये ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची ॲलर्जी कधीकधी टीबीसारखी दिसते. म्हणून वहिनी, ओमला दाखवताना भिंतीचा हा फोटोही डॉक्टरांना दाखवा. त्यांनी श्वासाचा पंप (इनहेलर) दिलाच तर मनाने बंद करू नका.

पंकज: मिस्त्रीला सांगा, ओल जिथपर्यंत चढली त्याच्या फूटभर वरपर्यंत भुसभुशीत प्लास्टर काढ. बाहेरून पायाशी पाणी साचू नये म्हणून उतार द्या. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय नवं प्लास्टर नको, दिवाळी पुढे गेली तरी चालेल.

मनीषा वहिनी: कूलर उतरवला. शेंगा अंगणात पसरवून निवडून राहिले. मिस्त्री सोमवारी येतो म्हणाला.