अनुभव धागा : टंचाईच्या उन्हाळ्यात लातुरात कामाला जाताय?

नमस्कार मंडळी. परीक्षा संपत आल्या की 'मे-जून लातूरला पाण्याच्या कामाला जायचंय, काय तयारी करू?' अशी विचारणा होते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा सगळ्यांना आठवतो. धनेगावचं मांजरा धरण आटलं की लातूरचे नळ आटतात. टँकर, टाक्या, शुद्धीकरण, पुनर्भरण यांत हात घातलेल्यांनी लिहावं. आपबीती नको, जाणाऱ्याच्या कामाचं तेवढंच सांगा.

पाणवठा :
टँकर 10,000 लिटरचा आणि घरटी 200 लिटर, म्हणजे कागदावर 50 घरं. यादी मात्र 45 चीच करा. सांडलवंड आणि गळका व्हॉल्व्ह धरून तेवढीच होतात. यादीत नाव असून पिंप कोरडं राहिलं तर त्या दारात उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

टँकर उभा करताना तोटी उताराकडे हवी, नाहीतर तळाचं पाणी निघतच नाही. चाकाला दगड लावल्याशिवाय पाइप जोडू नका. टाकी भरलेली असते तोवर 200 लिटरचं पिंप मिनिटभरात भरतं. पुढे धार बारीक होते आणि दुप्पट वेळ लागतो. मिनिटं मोजून पाणी सोडलं की शेवटची घरं नाडली जातात. म्हणून पिंपावर ऑइलपेंटने रेघ मारा. 20 लिटरचे दहा जार ओतायचे, पाणी येईल तिथे रेघ. आज गल्लीच्या या टोकापासून सुरुवात केली तर पुढची खेप त्या टोकापासून. एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं टळतात. 2016 ला पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लावायची वेळ आली होती, हे विसरू नका.

आणि हो, निळं पिंप आधी कशाचं होतं ते विचारा. केमिकलचं असेल तर कितीही धुतलं तरी पिण्यासाठी नको.

तुरटी :
शुद्धीकरणात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर. ताजी टीसीएल पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडर) असेल तर 1,000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 10,000 च्या टँकरला 50 ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ तेवढी टँकरमध्ये ओता. टँकर भरायला लागतानाच ओतली तर पाण्याच्या जोराने आपोआप ढवळली जाते. वाटप अर्ध्या तासानंतर.

पावडर जुनी, ओलसर किंवा उघडी राहिलेली असेल तर क्लोरीन उडून गेलेला असतो आणि 5 ग्रॅमचा हिशोब कोसळतो. गढूळ पाणीही क्लोरीन खाऊन टाकतं. आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग टीसीएल.

ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) टँकरपाशी करून समाधान मानू नका. शेवटच्या घराच्या पिंपात करा. तिथे फिकट पिवळा रंग यायला हवा, म्हणजे लिटरमागे निदान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे. रंगच आला नाही तर पिंपाच्या तळाशी शेवाळ किंवा गाळ आहे, असं धरून चाला. तपासलेलं पाणी ओटीच्या द्रावणामुळे विषारी होतं. ते फेकून द्यायचं, पुन्हा पिंपात नाही.

हौशी_गवंडी :
विहीर असेल तर हिशोब कसा करायचा?

तुरटी :
व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये. त्याला 785 ने गुणा, लिटर मिळतात. 4 मीटर व्यास आणि 2 मीटर पाणी म्हणजे साधारण 25,000 लिटर, टीसीएल 125 ग्रॅम.

सावली :
काम सकाळी 6 ते 10 आणि संध्याकाळी 5 नंतर. मधल्या वेळात याद्या लिहा. 15 लिटरची घागर म्हणजे 15 किलोच्या वर वजन, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना ती नेऊन द्यायची असते. जिन्यासाठी दोघांची जोडी ठेवा. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं सुरू झालं की सावलीत बसवा, ओला पंचा. ओआरएस नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा लहान.

स्वतःच्या आंघोळीचा विचार घरून निघतानाच करा. बादलीभर नाही, तांब्या-दोन तांबे.

पन्हाळ :
जूनमध्ये थांबणार असाल तर छतावरचं पाणी धरायचं काम घ्या, मात्र मृग लागायच्या आत संपवा. 100 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 100 लिटर. वाया जाणारं धरूनही एका चांगल्या सरीत टँकरचा चौथा भाग घरातच येतो. पहिल्या पावसाचं पाणी धूळ-विष्ठेसकट वाहून जाऊ द्यायला पाइपला टी (तीन तोंडांचा सांधा) जोडून खाली बुचाचा पाइप ठेवा. गाळणीच्या पिंपात तळाला मोठी खडी, मग बारीक खडी, वर वाळू. वाळू धुतलेली नसली तर पहिल्याच आठवड्यात तुंबते. हे सगळं लोक मान्य करतात, पण पाइप बोअरमध्ये थेट सोडायचा आग्रह धरतात. न गाळलेलं पाणी बोअरमध्ये सोडू नका.

नवीन बोअर मारायला वर्गणी मागणारे भेटतील. त्या पैशात गल्लीतल्या आठ-दहा घरांच्या पन्हाळी होतात. बुचाचा पाइप दर मोठ्या पावसानंतर कोण रिकामा करणार, त्याचं नाव भिंतीवर लिहूनच परत या.