वजन उतरवायचे आहे आणि ताकदही कमवायची आहे : ताटात किती वाढून घ्यावे?

बी-२०३, वहिनी :
आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरील सर्वांना नमस्कार. मागच्या महिन्यापासून मी जिममध्ये वजन उचलण्याचा व्यायाम सुरू केला आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. माझे वय ४६, उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो आहे. मला लिहून मिळालेल्या तक्त्यानुसार सकाळी लिंबूपाणी, दुपारी अर्धी भाकरी, काकडी आणि वाटीभर पातळ वरण, रात्री भाज्यांचे सूप आणि एक सफरचंद एवढेच खायचे आहे. पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरले, परंतु आता बैठका मारून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि सुरुवातीला सहज उचलता येणारे डंबेल जड वाटू लागले आहे. वजनाचा काटाही आता हलेनासा झाला आहे. आणखी कमी खावे की थोडे वाढवावे, याबद्दल ए-३०४ च्या मॅडमनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ए-३०४, मॅडम :
वहिनी, तुम्ही हा प्रश्न ग्रुपवर विचारलात हे फार चांगले झाले, कारण हाच तक्ता थोड्याफार फरकाने आपल्या सोसायटीतील आणखी काही जणींच्या फोनमध्ये आहे. आधी अंधारीबद्दल सांगते. उद्याच रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या आणि अहवाल डॉक्टरांना दाखवा. आपल्या जळगावच्या उन्हात अंगातले पाणी आणि मीठ कमी झाल्यानेही असे होते, त्यामुळे व्यायाम पहाटेच उरकावा आणि घरी आल्यावर मीठ घातलेले ताक घ्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र मिठाचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

आता जेवणाचे. तुम्ही लिहिलेल्या तक्त्याची मी बेरीज केली, तर ती जेमतेम साडेपाचशे ते सहाशे कॅलरीपर्यंत पोहोचते आणि प्रथिने २० ग्रॅमही भरत नाहीत. नुसते अंथरुणाला खिळून राहिले तरी तुमच्या शरीराला याच्या दुपटीहून जास्त लागते. त्याचा अंदाज काढायला मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचे १९९० सालचे समीकरण जगभर वापरतात. किलोमधल्या वजनाला १० ने गुणावे, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने गुणून त्यात मिळवावे, वयाची पाचपट वजा करावी आणि स्त्री असल्यास आणखी १६१ वजा करावे; पुरुषांनी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवावे. तुमच्या बाबतीत हे उत्तर सुमारे १३१० कॅलरी येते. घरकाम, बाजारहाट आणि आठवड्यातून तीन दिवसांचा व्यायाम धरून त्याला १.४ ने गुणले, तर दिवसाचा खर्च १८०० च्या थोडा वर जातो. हा अंदाज आहे, पण सुरुवात करायला तो पुरेसा आहे.

यातून ३०० ते ४०० कॅलरी कमी करायच्या, त्याहून अधिक नाही. म्हणजे तुमचे दिवसाचे खाणे १५०० च्या आसपास हवे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, त्यामुळे या गतीने महिन्याला सव्वा ते दीड किलो उतरेल. ही गती मंद वाटेल, तरीही मी तिचाच आग्रह धरते, कारण उपाशी राहून उतरवलेल्या वजनात केवळ चरबी जात नाही. त्यातला साधारण चौथा हिस्सा स्नायूंचा आणि इतर बिनचरबीच्या ऊतींचा असतो, आणि जेवण जितके तोकडे व प्रथिने जितकी कमी, तितका हा हिस्सा वाढत जातो. पहाटे उठून तुम्ही वजने उचलता ती स्नायू राखण्यासाठी आणि वाढवण्यासाठी. मग दिवसभर त्याच स्नायूंना उपाशी ठेवण्यात काय अर्थ आहे? डंबेल जड वाटू लागले, ही त्याचीच खूण आहे. व्यायामाला नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एक मोठी सवलत असते. पुरेशी प्रथिने आणि बेताची कपात असेल, तर सुरुवातीच्या काही महिन्यांत चरबी घटते आणि त्याच वेळी स्नायूही थोडे वाढतात. ही संधी अर्ध्या भाकरीवर घालवू नका.

ए-१०१, आप्पा :
ताई, प्रथिने प्रथिने असे सगळीकडे ऐकतो, परंतु आमच्यासारख्या शाकाहारी घरात, जिथे अंडेही चालत नाही, तिथे ती किती आणि कशातून मिळवायची, हे कृपया सविस्तर सांगावे. वरण तर आम्ही रोजच खातो.

ए-३०४, मॅडम :
आप्पा, वरण आपण रोज खातो हे खरे, पण ते किती डाळीचे असते हे पाहावे लागेल. वाटीभर पातळ वरणात कोरडी डाळ बहुधा १५ ते २० ग्रॅमच असते आणि तिच्यातून चार-पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली सर्वसाधारण निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. खाणे कमी करून वजने उचलणाऱ्या माणसाला त्याहून जास्त, म्हणजे १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. वजन मुळातच जास्त असेल तर हा हिशेब आजच्या वजनावर करू नये, गाठायच्या वजनावर करावा. वहिनींनी ६० किलो धरले तर ७२ ते ९६ ग्रॅम येतात. शाकाहारी घरात ७५ जमले तरी मी त्याला उत्तम म्हणेन.

आता हे आपल्याच स्वयंपाकघरातून कसे भागते ते पाहा. सकाळी ४० ग्रॅम कोरडी मटकी भिजवून मोड आणून खाल्ली आणि २०० मिली दूध घेतले, तर १५-१६ ग्रॅम होतात. दुपारी एक कळण्याची भाकरी, ४० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण आणि दीड वाटी दही घेतले, तर २२ ग्रॅमच्या आसपास होतात. कळण्याचे मला विशेष सांगावेसे वाटते. ज्वारीत अख्खे काळे उडीद दळून घेण्याची आपल्या खान्देशची ही पद्धत आहे आणि उडदामुळे नुसत्या ज्वारीपेक्षा प्रथिने तर वाढतातच, शिवाय ज्वारीत कमी असणारे लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटकही भरून निघतो. संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि एक केळे घ्यावे. रात्री ४५ ग्रॅम कोरड्या सोयावड्यांची भाजी आणि पुन्हा एक भाकरी घेतली, तर ३० ग्रॅम मिळतात. सोयावडी नको असेल त्या दिवशी १०० ग्रॅम पनीर घ्यावे, मात्र त्यात प्रथिने थोडी कमी आणि स्निग्धांश बराच जास्त असतो. सगळे मिळून ७५ ग्रॅम होतात आणि दिवसभराचे तेल चार चहाचे चमचे ठेवले, तर कॅलरी १५०० च्या जवळपास राहतात. यात दोन अख्ख्या भाकऱ्या आहेत, केळे आहे, दही आहे. उपाशी राहण्याची वेळ कुठेच येत नाही.

सी-४०२, भाऊ :
मॅडम, मग कपात नेमकी कोठे करायची? जिममध्ये तर सर्वजण भाकरी आणि केळे बंद करायला सांगतात. आपण यावल-रावेरच्या केळीच्या मुलखात राहून केळेच सोडायचे, हे मनाला पटत नाही. तसेच व्हे प्रोटीन घ्यावे किंवा नाही, याबद्दलही आपले मत हवे आहे.

ए-३०४, मॅडम :
भाऊ, केळे सोडण्याचे काहीच कारण नाही. मध्यम आकाराच्या केळ्यात १०० च्या आसपास कॅलरी असतात आणि व्यायामाआधी पाऊण तास खाल्लेले केळे शेवटच्या बैठकांपर्यंत साथ देते. आपल्याकडे खरी कपात तेलात करावी लागते. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी, मग ते शेंगदाण्याचे असो, घाण्याचे असो की महागड्या बाटलीतले असो. घरोघरी करता येईल असा एक हिशेब सांगते. महिन्याला किती तेल संपते ते पाहावे आणि त्याला माणसांनी व दिवसांनी भागावे. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात रिकामा होत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज ३८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरीचे नुसते तेल जाते. हे प्रमाण निम्म्यावर आणले, तर वहिनींच्या एकूण कपातीपैकी निम्मी कपात भाकरीचा तुकडाही कमी न करता होते.

शेवभाजीचेच पाहा. ५० ग्रॅम शेवेत पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, त्याखाली कूट आणि खोबऱ्याचा रस्सा असतो आणि वर बोटभर तर्री तरंगते. पातेले उतरवल्यावर पाच मिनिटे थांबून ती तर्री पळीने वरच्या वर काढून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी फोडणीला वापरावी. रश्श्याची चव जात नाही. भरिताचेही तसेच आहे. भाजलेल्या वांग्यात कॅलरी नगण्य असतात, त्या मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे ज्या तेलात परततो त्या तेलात असतात. वरण-बट्टीच्या दिवशी बट्टी तळण्याऐवजी भाजून घ्यावी आणि तुपाची धार मोजून सोडावी. दुपारच्या चहाबरोबरचा फरसाण मात्र घरात आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो मोजून खाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

व्हे प्रोटीन हा दुधाच्या निवळीपासून केलेला पदार्थ आहे. त्याच्या एका मापात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळण्याचाच सल्ला आहे. तुमचे वय आणि भूक पाहता डाळ, दूध, दही, सोयावडी आणि चालत असल्यास अंडी यांतून तुमची गरज सहज भागेल, म्हणून त्यावर पैसे घालवावेत असे मला वाटत नाही.

ए-१०१, आप्पा :
ताई, मी ६८ वर्षांचा आहे, मधुमेहाची गोळी चालू आहे आणि पोट बरेच सुटले आहे. मेहरूण तलावावर रोज फिरतो. मीही वजने उचलावीत का आणि मीही एवढेच खाणे कमी करावे का?

ए-३०४, मॅडम :
आप्पा, वजने जरूर उचला, परंतु तुमची गोष्ट वहिनींपेक्षा वेगळी आहे. गोळीत ग्लिमेपिराइड असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणे घटवून व्यायाम वाढवल्यावर साखर ७० च्या खाली उतरण्याचा धोका असतो, म्हणून औषधाची मात्रा डॉक्टरांनी आधी पाहिली पाहिजे. प्रथिने वाढवण्यापूर्वी मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन या तपासण्या करून घ्या, कारण मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. तुमचे हातपाय बारीक आणि पोट मोठे आहे, याचा अर्थ स्नायू आधीच कमी आहेत. तुम्ही जेवणात फार काटछाट करू नका. गोड, तळलेले आणि रात्रीचा जास्तीचा भात कमी करा, वरण घट्ट करा, आणि आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकवून जोर काढणे व पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे येथून सुरुवात करा. काट्यापेक्षा कमरेच्या घेराकडे लक्ष ठेवा. आपल्या भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा मानतात.

सी-१०३, मावशी :
एकादशीच्या दिवशी काय करावे? त्या दिवशी आमच्याकडे साबुदाण्याची खिचडीच असते.

ए-३०४, मॅडम :
मावशी, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी असतात आणि प्रथिने नावापुरतीच. त्याऐवजी भगर किंवा राजगिऱ्याची भाकरी, सोबत दही, दूध आणि थोडे शेंगदाणे घ्यावेत. उपवासाचा आणि जड व्यायामाचा दिवस एकच येऊ देऊ नये.

बी-२०३, वहिनी :
मॅडम, उद्या तपासण्या करून घेते आणि उद्यापासूनच तुम्ही सांगितल्याप्रमाणे जेवण सुरू करते. फक्त एक भीती वाटते. एकदम एवढे खाणे वाढवल्यावर वजन वाढले तर काय करावे?

ए-३०४, मॅडम :
वहिनी, सुरुवातीला किलो-दीड किलो वाढेल, हे आधीच धरून चाला. स्नायूंमध्ये आणि यकृतात ग्लायकोजन नावाचा साखरेचा साठा असतो आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पहिल्या आठवड्यात तुमचे जे वजन झपाट्याने उतरले, त्यात मोठा वाटा याच पाण्याचा होता आणि पोटभर जेवू लागल्यावर ते परत येणारच. नव्या व्यायामाने दुखावलेले स्नायूही काही आठवडे पाणी धरतात, त्यामुळे चरबी घटत असूनही काटा जागेवरच दिसू शकतो. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा, ते वहीत लिहा आणि तुलना मात्र आठवड्याच्या सरासरीचीच करा. कमरेचा घेर आठवड्यातून एकदा बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून मोजा. प्रत्येक व्यायामात किती वजन किती वेळा उचलले, तेही त्याच वहीत असू द्या.

पहिले तीन आठवडे आकड्यांत काहीही बदल करू नका. त्यानंतर सरासरी आणि कंबर दोन्ही सलग दोन-तीन आठवडे जागची हलली नाहीत, तर दिवसाच्या १०० ते १५० कॅलरी कमी करा, त्याही तेल आणि भाकरीतून, डाळ-दह्यातून नव्हे. याउलट आठवड्याला पाऊण किलोपेक्षा जास्त उतरू लागले, झोप उडाली किंवा उचलायचे वजन पुन्हा घसरू लागले, तर तेवढ्याच कॅलरी वाढवा. तपासणीचे अहवाल आले की मला वैयक्तिक संदेश पाठवा, ते येथे टाकू नका. हिमोग्लोबिन कमी निघाले तर डॉक्टरांचे औषध सुरू होईपर्यंत जड बैठका थांबवून हलक्या वजनावर राहा.