दूधगंगेचा बंधारा: दोन्ही काठांची पाणी समिती कशी बांधावी?

दूधगंगाकाठ
गाव कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात, समोरचा काठ महाराष्ट्रातल्या शिरोळ तालुक्यात. फेब्रुवारी सरला की बंधाऱ्यावर वाद ठरलेला: वरच्या मोटारी थांबत नाहीत, खालची जॅकवेल (नळयोजनेची नदीकाठची विहीर) उघडी पडते, मग रात्रीत कुणीतरी बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) उपसतो. दोन्ही काठांची समिती करायची आहे. कुणाला घ्यायचं? पहिल्या बैठकीत काय ठरवायचं?

पाटकरी
बैठक नंतर, आधी यादी. तीही गाववार नको, डीपीवार (विजेच्या ट्रान्सफॉर्मरप्रमाणे) करा: वीजजोड कुणाच्या नावावर, मोटार किती एचपी, पाईप किती लांब, ऊस किती एकर. नुसत्या पंचायत सदस्यांची समिती केली की उपसणारेच बाहेर राहतात. लिफ्ट इरिगेशन (उपसा सिंचन) संस्थांचे सेक्रेटरी, नळयोजनेचा वॉटरमन, मासेमारी करणारे भोई आणि वाटेकरी हे सगळे हवेत. मोटार मालकाच्या नावावर असली तरी स्टार्टर वाटेकरीच दाबतो.

पहिल्या बैठकीत फक्त हिशेब मांडा. समजा फुगवटा (बंधाऱ्यामागे तुंबलेलं पाणी) 3 किमी लांब, 50 मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे 2,25,000 घनमीटर. 10 एचपीची मोटार 30 मीटर उचलून सेकंदाला साधारण 15 लिटर टाकते. 7 तासांत 378 घनमीटर, अशा 20 मोटारी म्हणजे रोज 7,560. लोक म्हणतात, 30 दिवस पुरेल. नाही पुरत. 15,000 लोकांना माणशी 55 लिटरप्रमाणे रोज 825 घनमीटर, 60 दिवसांचे 49,500. उन्हाने रोज 7 मिमी उडालं तरी हजारभर घनमीटर जातं, प्यायला लागतं त्याहून जास्त! 60 दिवसांत ते 63,000 होतं. हे दोन्ही वजा केलं की मोटारींना उरतं जेमतेम 15 दिवसांचं. हा आकडा फळ्यावर लिहिला की पाळी लावायला कुणी आढेवेढे घेत नाही.

बर्गेवाला
हिशेब बरोबर, पण नेमप्लेटवर जाऊ नका. बोर्डावर 5, आत साडेसात, हे सर्रास असतं. पाईपच्या तोंडाला 200 लिटरचं बॅरल लावा आणि घड्याळ धरा. 13 सेकंदांत भरलं तर 15 लिटर. मोजताना समोरच्या काठाचा एक माणूस उभा हवाच, नाहीतर आकडा कुणी मानत नाही.

बंधाऱ्याच्या खांबावर 10 सेंमीचे पट्टे रंगवा आणि पिण्याच्या राखीव साठ्याला लाल रेघ मारा. रेघ निम्म्या खोलीवर मारली की निम्मं पाणी राखलं असं समजू नका. खाली पात्र अरुंद होत जातं, तिथल्या 10 सेंमीत पाणी कमी असतं. दोरी-काठीने तीन-चार ठिकाणी पात्र मोजून मगच रेघ ठरवा. रोज सकाळी 7 ला दोन्ही काठांच्या दोघांनी पातळी वाचायची, ग्रुपवर फोटो टाकायचा.

आणि बर्ग्यांवर नंबर टाका. बर्ग्यांच्या दोन ओळींमधली माती नीट ठोकली नाही तर सेकंदाला 5 लिटर गळती सहज होते. दिवसाला 432 घनमीटर, म्हणजे कुणी न चालवलेली एक जादा मोटार. खालच्यांना पाणी सोडायचं तर ठरल्या दिवशी, ठरलेले नंबर, दोघांच्या समोर काढायचे.

दोन_तालुके
एकच नोंदणी करायच्या नादी लागू नका. इकडे कर्नाटकाचा 1965 चा पाटबंधारे कायदा, तिकडे महाराष्ट्राचा 2005 चा. दोन काठांच्या दोन संस्था आणि मध्ये एक करारपत्र, हेच सुटसुटीत. इतिवृत्त कन्नड आणि मराठी दोन्हीत एकाच बैठकीत वाचून सही घ्या. मागाहून भाषांतर केलं की "असं ठरलंच नव्हतं" सुरू होतं.

दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण आंतरराज्य प्रकल्प आहे, त्यात कर्नाटकाचा वाटा 4 टीएमसी (अब्ज घनफूट). आवर्तनाची (धरणातून पाणी सोडण्याची) मागणी लाल रेघेला पाणी टेकल्यावर नको, 15 दिवस शिल्लक असतानाच पाटबंधारे कार्यालय आणि जिल्हाधिकारी दोघांकडे द्या, सोबत पातळीच्या वहीची प्रत जोडा. नुसतं "पिकं वाळताहेत" लिहिलेलं निवेदन ढिगात जातं.

दूधगंगाकाठ
पातळी वाचणाऱ्यांचं मानधन कुणी द्यायचं? पंचायत हात वर करेल.

पाटकरी
एचपीप्रमाणे वर्गणी. गावाप्रमाणे सारखी वाटली तर दोन मोटारींचं गाव पहिल्याच महिन्यात फुटतं. पावती मात्र वाटेकऱ्याच्या नावे फाडू नका, वीजजोड ज्याच्या नावावर त्याच्याच नावे.