एचआयव्ही चाचणी ३२व्या दिवशी निगेटिव्ह. आता थांबू की पुन्हा करू?

नमस्कार मंडळी. दुसऱ्या आयडीने लिहितोय, कारण सांगायला नकोच.

एकदा निरोधशिवाय संबंध आला, त्याला आज ४१ दिवस झाले. ३२व्या दिवशी लॅबमध्ये शिरेतून रक्त दिलं. रिपोर्टवर 'एचआयव्ही अँटीबॉडी व पी२४ अँटिजेन: नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' असं आहे. तरी जीव थाऱ्यावर येईना, म्हणून काल बोट टोचून करायचं अँटीबॉडी किट आणलं. तेही निगेटिव्ह. पण कोणी ४५ दिवस म्हणतं, कोणी तीन महिने, कोणी म्हणतं थेट आरएनए करून टाक. खरं काय? मागच्या आठवड्यात घसा दुखला, तेव्हापासून तर झोपच उडालीय.

प्रतिसाद १:
आकडे सगळे बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या चाचण्यांचे आहेत. लागण झाली तर रक्तात आधी विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय घटक) सापडतो, मग पी२४ अँटिजेन (विषाणूचं एक प्रथिन), आणि शेवटी शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी. म्हणून संबंधानंतर लागण पकडायला आरएनए चाचणीला साधारण १० ते ३३ दिवस लागतात, तुमच्या लॅबवाल्या चाचणीला १८ ते ४५, आणि नुसत्या अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचणीला २३ ते ९०. तीन महिने म्हणतात ते या शेवटच्या प्रकारामुळे.

म्हणजे तुमचा ३२व्या दिवसाचा रिपोर्ट चांगलाच दिलासादायक आहे, पण अंतिम नाही. कालच्या किटने त्यात फारशी भर पडली नाही; उशिरा केलं तरी ते मुळात उशिरा पकडणारं. ४५ दिवस उलटल्यावर लॅबमध्ये तीच चाचणी पुन्हा करा. मध्ये नवा धोका घेतला नसेल तर ती निगेटिव्ह आली की विषय संपला.

घशाचं सोडा. घसा कशानेही दुखतो, त्यावरून निदान होत नाही.

प्रतिसाद २:
७२ तासांच्या आत पेप (धोक्याच्या संबंधानंतर लागण टाळायला घ्यायची औषधं) सुरू केलं होतं का? २८ दिवसांच्या त्या गोळ्या घेतल्या असतील तर हे दिवस असे मोजता येत नाहीत, डॉक्टरांना विचारावं लागेल. आणि चुकून रिअ‍ॅक्टिव्ह आलं तरी एका चाचणीवर कोणी शिक्का मारत नाही, खात्रीची पुढची चाचणी होतेच. तोवर निरोध वापरा, रक्तदान नको.

धागाकर्ता:
पेप नाही घेतलं, माहीतच नव्हतं. ४६व्या दिवशी जातो. उपाशीपोटी जावं लागतं का?

प्रतिसाद १:
नाही हो. जेवून जा.