कार्ड क्रमांक देणारा एपीआय: ओळीचे आकडे की रँडम?

काउंटर१३
दुकानांच्या साखळीत ग्राहक कार्डाचे क्रमांक शाखांनी आपापले न बनवता एकाच एपीआयकडून (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागायची सोय) मागावेत, इथवर सगळ्यांचं जमतं. आकडा मात्र ओळीनेच द्यावा, असं माझं ठाम मत. ईएएन-१३ बारकोड (दुकानातल्या मालावरचा १३ आकडी) घ्या: २० ते २९ मधला एक उपसर्ग (हे दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले असतात, वजनाच्या मालाला वापरता तो टाळा), मग डेटाबेस सीक्वेन्सचे (डेटाबेस स्वतः ओळीने देतो ते) १० आकडे, शेवटी चेक डिजिट (आधीच्या आकड्यांवरून काढलेला, चूक पकडणारा आकडा). ‘मॅक्स अधिक एक’, म्हणजे आजवरच्या सर्वांत मोठ्या क्रमांकात एक मिळवणं, कधीही नको. दोन काउंटर एकाच क्षणी तोच मॅक्स वाचतात.

लॉगवाचक
सपशेल असहमत. चेक डिजिट कुणालाही काढता येतो, ते कुलूप नव्हे. ओळीचे आकडे असले आणि पॉइंटची शिल्लक सांगणारा एपीआय उघडा राहिला, की साधी स्क्रिप्ट सगळे ग्राहक चाळून काढते. क्रिप्टोग्राफिक रँडमच (अंदाज बांधता न येणारे आकडे) वापरा.

काउंटर१३
१० आकड्यांत सुमारे १ लाख १८ हजार कार्डांपाशीच दोन क्रमांक सारखे निघण्याची शक्यता निम्म्यावर जाते. त्याचं काय?

लॉगवाचक
ती शक्यता तोवरच्या सगळ्या कार्डांत मिळून एखादी टक्कर होण्याची. १० लाख कार्डं दिल्यावरही पुढचा आकडा आधीच गेलेला असण्याची शक्यता १० हजारांत १. कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आकडा दुसऱ्यांदा न घेण्याचा डेटाबेसचा नियम) लावा, थेट इन्सर्ट म्हणजे नोंद करा, नाकारला तर नवा आकडा काढा, पाच प्रयत्नांनंतर एरर द्या. ‘आधी सिलेक्ट करून (डेटाबेसमध्ये शोधून) बघू’ नको. तपासणी आणि नोंद यांच्या मधल्या फटीत दुसरी विनंती घुसते.

बारकोडकर
एकाच ग्राहकाला दोन कार्डं जातात ती बहुतेकदा टाइमआउटमुळे, आणि ते दोन्ही पद्धतींत होतं. सर्व्हरने क्रमांक दिला, उत्तर वाटेत हरवलं, पीओएसने (काउंटरवरच्या बिलिंग मशीनने) पुन्हा मागितला. म्हणून पीओएसने प्रत्येक नोंदणीसाठी एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांबलचक ओळख-क्रमांक) बनवून कार्ड मागणाऱ्या पोस्ट विनंतीसोबत पाठवावा, सर्व्हरने तो कार्डासोबत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही नोंदी होतील किंवा एकही नाही, अशा रीतीने) साठवावा. तोच यूयूआयडी पुन्हा आला तर जुनाच क्रमांक परत द्यायचा.

शिवाय ईएएनचा चेक डिजिट हाताने टाइप करताना फसतो: शेजारचे १ आणि ६ उलटे पडले तर त्याला कळत नाही, कारण फरक ५ असला की बेरजेला १० ने भागून उरणारी बाकी तीच राहते. तिथे व्हेरहॉफ (अशी अदलाबदल पकडणारी चेक डिजिटची दुसरी पद्धत) हवा.

काउंटर१३
टाइमआउटचं मान्य. पण आधी छापून घेतलेल्या कार्डांच्या पेट्यांना ‘इथपासून इथपर्यंत’ लागतं. मग सीक्वेन्सच ठेवा आणि गुप्त ‘की’ (किल्लीसारखा गुप्त आकडा) वापरून त्याची फेरमांडणी करा: छपाईच्या यादीत ओळ राहते, कार्डावर दिसत नाही, टक्करही नाही.

लॉगवाचक
आणि ती ‘की’ फुटली तर? बदलायला गेलात की नवे आकडे जुन्यांवर आदळू शकतात. त्यापेक्षा पेटीचा क्रमांक वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, सोबत कार्डाची स्थिती: छापलं, दिलं, बाद. पेटी हरवली तर एका अपडेटमध्ये सगळी कार्डं बाद करता येतात, क्रमांक कसेही असोत.