एअरलिफ्ट: भिडूसाठी जागा अडवायची, की टाकून मोकळं व्हायचं?

मोंढ्यावरचा
परवा 'चौकटचा गुलाम' यांनी पँडेमिकवर (सगळ्यांनी मिळून जगभरच्या साथी थोपवायचा बोर्डगेम, हातात सातच पानं ठेवता येतात) लिहिलं, तेही एअरलिफ्टबद्दल, म्हणजे कुणाचीही सोंगटी थेट कुठल्याही शहरात नेऊन ठेवणाऱ्या पानाबद्दल: "एअरलिफ्ट म्हणजे सातातली एक जागा खाणारं पान. दुसऱ्याला उचलून न्यायला मी काय हमाल आहे? हात भरला की पहिलं तेच टाकतो." त्याला सोळा जणांनी अंगठे दिले. या सोळांनी डबा उघडून तरी बघितलाय का, अशी मला शंका आहे.

आधी हिशोब. चौघं बसले, दोन-दोन पानं वाटली, ४५ उरली. त्यात महामारीची ५ मिसळली की ५०. दर खेपेला दोन उचलायची, म्हणजे २५ खेपांत गठ्ठा संपला आणि आपणही संपलो. माणशी सहा खेपा, एकाला सात. खेपेला चार चाली. एवढीच इस्टेट आहे, ती पायी चालण्यात घालवायची का?

मागच्या महिन्यातला डाव सांगतो. मी साओ पाउलोत, हातात काळी चार (एका रंगाची पाच शहरं संशोधन केंद्रात दिली की त्या रोगाचं औषध निघतं). पाचवं काळं, मुंबईचं, भिडूकडं, आणि भिडू मुंबईतच उभा. आता बोटं मोजा: लागोस, खार्टूम, कैरो, रियाध, कराची, मुंबई. सहा चाली. पान टाकून उडायचं तर त्याच चारातलं एक जाळायचं, मग पाच कुठून भरायची? माझी खेप यायच्या आधी तिसऱ्या गड्यानं एअरलिफ्ट टाकलं. मी मुंबईत उतरलो, पान घेतलं, दिल्लीला सरकलो (केंद्र तिथं होतं), काळ्याचं औषध काढलं आणि एक चाल शिल्लक राहिली. दीड खेप वाचली, तीही टाकणाऱ्याची एक चाल न खर्चता.

आणि "हात भरला की टाकतो" म्हणजे काय? हात भरला तर ते पान टाकायच्या ऐवजी जागच्या जागी वापरता येतं, नियमातच आहे. फेकायचंच असेल तर निदान कुणाला तरी चार गावं पुढं सोडून फेका.

चौकटचा गुलाम
अंगठे माझ्या नव्हे, तुमच्या जिव्हारी लागलेले दिसतात.

हिशोब बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण काळी चार पानं घेऊन तुम्ही साओ पाउलोत काय करत होतात? हुरडा खायला गेला होतात? ज्याच्या हातात काळी, त्यानं काळ्याच्या आसपास राहायचं. आधी स्वतः लांब जायचं, मग कुणीतरी उचलून आणलं की त्या पानाला हार घालायचा. नीट खेळलात तर ते पान लागतच नाही, हेच माझं म्हणणं होतं.

दुसरं. तुम्ही वापरलेल्या एका डावाची गोष्ट सांगितली. न वापरलेल्या नऊ डावांची कुणी सांगत नाही. आमच्यात एक जण आहे, एअरलिफ्ट आलं की पैठणीसारखं जपतो. "आत्ता नको, खरी वेळ येऊ द्या." खरी वेळ कधी येते? रोगाचा आठवा स्फोट झाल्यावर. डाव हरल्यावर सगळे पानं उलटी टाकतात आणि याच्या हातातून एअरलिफ्ट निघतं, घडीसुद्धा मोडलेली नाही. तोवर त्याच जागेपायी त्यानं दोन शहरं फेकलेली असतात.

मोंढ्यावरचा
साओ पाउलोत रोगाचे तीन पिवळे ठोकळे बसले होते साहेब, चौथा आला की फुटतं. तुमच्यासारखे सगळेच आपापल्या रंगाला चिकटून राहिले असते तर तिकडं फुटलं असतं आणि चार शेजारी घेऊन फुटलं असतं. कुणीतरी जावं लागतं. जो जातो त्याला परत आणायला कुणीतरी लागतं. ही साधी गोष्ट आहे.

तुमचा तो पैठणीवाला मात्र मान्य. त्याला आमच्याकडं पाठवू नका.

उदगीरची आक्का
तुम्ही दोघं चाली मोजायलात, मला वेगळंच बोलायचंय. एअरलिफ्ट टाकताना समोरच्याला विचारता का? नियमात स्पष्ट आहे, दुसऱ्याची सोंगटी हलवायची तर त्याची परवानगी पाहिजे. आमच्या घरी दीर आणि त्यांचे मित्र दर रविवारी खेळतात. मी चौथी, कारण तीन जण कमी पडतात. डावात मी वैद्य होते, लागोसला बसून ठोकळे साफ करत होते. तीनच राहिले होते, एका चालीत गेले असते. तेवढ्यात "वहिनी, तुम्हाला आता इकडं गरज आहे" म्हणत माझी सोंगटी उचलून बगदादला ठेवली. माझा चहाचा कप अजून ओठाला होता. पुढच्या खेपेत लागोस फुटलं. मग हरल्याचं खापर कुणावर? "वहिनी, तुम्ही आधीच साफ करायला पाहिजे होतं."

मदतीचं पान म्हणता, पण ज्याच्या हातात असतं तो मुकादम होतो. किंमत ठरवायचीच तर ते कुणाच्या हातात आहे हेही बघा. ज्याला विचारायची सवय नाही त्यानं ते पान टाकलेलंच बरं.

चौकटचा गुलाम
आक्का, धन्यवाद. सतरावा अंगठा.

उदगीरची आक्का
तुमच्या बाजूनं बोलले नाही मी. तुमचं "हमाल" वाचूनच आधी डोकं फिरलं होतं.

बावनकोट
कामून एवढा काथ्याकूट? विमान, बगदाद, खार्टूम. भिडूला हात देणारं पान बघायचं असंल तर मेंढीकोट खेळा, जास्त दश्शा ज्याच्या त्याचा डाव. भिडूचा एक्का पडला, आपल्याकडं त्याच रंगाची दश्शी, टाकायची का ठेवायची? सगळं शास्त्र तेवढ्यात आहे.

२०१६ चा उन्हाळा. आमच्या लातुरात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, ते साल. टँकरच्या लाइनीत रात्री ड्रम लावून बसायचो. एक ड्रम पालथा घातला, मोबाइलची बत्ती लावली आणि कट हुकूमचा मेंढीकोट सुरू. एक दश्शी आमच्याकडं, दोन त्यांच्याकडं, राहिली किलवरची, ती माझ्या हातात. हुकूम इस्पिक होऊन गेलेला. किलवर एकदा फिरलेलं. भिडूनं उतारी केली किलवरचा एक्का. डावीकडच्यानं छक्की टाकली. आता माझी पाळी. भिडू माझ्या तोंडाकडं बघायला, मी पानाकडं. टाकली. शेवटच्यानं इस्पिकची तिर्री काढली आणि एक्क्यासकट दश्शी उचलून नेली. तिर्री! त्याच्याकडं किलवर एकच होतं, पहिल्या फेरीत गेलेलं. डाव गेला, तीन दश्शा त्यांच्याकडं. भिडू काही बोलला नाही. तेवढ्यात टँकर आला आणि तो त्याचा ड्रम घेऊन माझ्या पुढं जाऊन उभा राहिला. वर्षभर बोलला नाही.

तर भिडूला मदत म्हणून पान टाकायचं, पण मागं बसलेल्याकडं काय आहे ते बघून. रंग एकदा फिरला असंल तर दश्शी दाबायची, एक्का असो नाहीतर कुणी असो.

परभणीचा भिडू
चूक. सपशेल चूक. तुम्ही दश्शी टाकली तेच बरोबर होतं. नशीब वाईट निघालं म्हणून चाल चुकत नाही. हातावर एक्का पडलाय, रंग एकदाच फिरलाय, तुमच्या मागं एकच माणूस. दाबून ठेवली असती तर पुढं काय? भिडूचा एक्का गेला, आता राजा त्यांच्याकडून उतरला आणि तुमच्याकडं किलवरचं दुसरं पान नसलं की तीच दश्शी त्यांच्या राजाखाली घालायची. माझं नेमकं असंच झालेलं आहे, हॉस्टेलवर. भिडूनं एक्का खेळला, मी शहाणपणा करून दश्शी ठेवली, खाली पंजी टाकली. पुढच्या फेरीला राजा आला, माझ्या हातात किलवरची दश्शी एकटी. दिली. चारही दश्शा त्यांच्या, कोट बसला. भिडूनं हातातली पानं खिडकीतून खाली फेकली. खाली घरमालक उभा होता. महिनाभरात खोली सोडायला लागली, "पोरं जुगार खेळतात" म्हणून. शेंगदाणेसुद्धा लावलेले नव्हते! पत्ते दिसले की जुगारच आठवतो लोकांना, यावर वेगळं लिहायला पाहिजे कुणीतरी.

बावनकोट
तुमची दश्शी गेली ती रंगात दोनच पानं होती म्हणून. माझ्याकडं चार होती, एकटी पडायचा प्रश्नच नव्हता.

परभणीचा भिडू
तुमच्याकडं चार, डावीकडच्याचं एक पडलं, भिडूचा एक्का. पहिल्या फेरीतली चार. झाली दहा. राहिली तीन. ती तीन कुणाकडं? मोजली होती का? चार असल्यावर तर मागच्याकडं किलवर नसायची शक्यता जास्त. म्हणजे तुमच्याच म्हणण्यानं तुम्ही दाबायला पाहिजे होती आणि माझ्याच म्हणण्यानं मी टाकायला पाहिजे होती. बरोबर आहे, पण हे तुम्ही आधी सांगितलंच नाही.

बावनकोट
ड्रमावर बत्ती धरून कुणी मोजतं का? परभणीत मोजायची गरज पडत नसंल, खुणाच करता तुम्ही. नाक खाजवलं की किलवर, कान धरला की बदाम.

परभणीचा भिडू
तोंड सांभाळून. बनी तो बनी, नहीं तो परभणी म्हणतात ते उगं नाही. आणि "भिडू माझ्या तोंडाकडं बघायला" हे कुणी लिहिलं वर? ती खूण नव्हती, तर काय दर्शन घेत होता?

तिर्री
दोघंही थांबा. खुणा करूनच खेळायचं असेल तर हनाबी नावाचा पत्त्यांचा खेळ खेळा. तिथं स्वतःची पानं स्वतःला दिसतच नाहीत, समोरच्याला दिसतात. ५० पानं, ८ इशारे, इशारे संपले की तोंड बंद. पुन्हा इशारा हवा तर कुणीतरी पान टाकायचं किंवा पंजी लावायची. चौकटच्या गुलामांनी एकदा खेळून बघावं. "आपलं काम आपल्या पायानं" म्हणाल तर पहिल्या तीन पानांत वात जळून डाव संपेल.

आणि मेंढीकोटवाल्यांसाठी द क्रू, सगळ्यांनी मिळून मोहिमा पार पाडायचा पत्त्यांचा खेळ. ४० पानं, चार रंग एक ते नऊ, वर हुकमाची चार रॉकेटं. जे पान ज्याला नेमून दिलंय ते ज्या हातात पडेल तो हात त्यानंच घ्यायचा. तिथं नऊ-आठ हातात भरलेल्या माणसापेक्षा मला एक-दोन असलेला भिडू हवा असतो. हात न घेता येणं, हीच तिथली मदत. आमच्या गटात एक जण प्रत्येक हात जिंकतो आणि प्रत्येक मोहीम घालवतो. वरून विचारतो, माझं काय चुकलं?

मोंढ्यावरचा
मूळ विषय एअरलिफ्ट होता, सहज आठवण करून देतो.

बावनकोट
तुमचा विषय मोठा का आमची दश्शी?

उदगीरची आक्का
दश्शीवरून एक सांगते. महालक्ष्म्यांच्या रात्री आमच्याकडं बायकांचा डाव बसतो. सासूबाई माझ्या भिडू. त्यांनी एक्का खेळला की माझ्याकडं बघत नाहीत, छताकडं बघतात. मी टाकली तर टाकली, नाही तर नाही. हरलो तरी पानं गोळा करतात आणि म्हणतात, "पिस." बारा वर्षांत एकदाही "का टाकली" विचारलं नाही. एअरलिफ्ट त्यांच्या हातात दिलं तर मी डोळे झाकून जाईन, खार्टूमला म्हणा नाहीतर कुठंही.

चौकटचा गुलाम
हमाल शब्द मागं घेतो. आक्कांसाठी, मोंढ्यावरच्यांसाठी नव्हे.

काल रात्री मुद्दाम खेळून बघितलं. एअरलिफ्ट आलं, टाकलं नाही. डाव्या हाताच्या गड्याला विचारलं, "पाहिजे का?" तो म्हणाला, आत्ता नको. दोन खेपांनी त्यानंच मागितलं. लिमाहून उचलून टोकियोला ठेवला, तांबड्याचं औषध निघालं. तरी हरलो, गठ्ठा संपला. तेव्हा तुमचं पान चांगलं असेलही, पण डाव जिंकून देत नाही. आणि दोन खेपांच्या वर मी धरून ठेवणार नाही, हे लिहून घ्या.

मोंढ्यावरचा
लिमाहून टोकियो! आणि काळी पानं घेऊन साओ पाउलोत गेलो म्हणून मला हुरडा.

चौकटचा गुलाम
तो माझा भिडू होता, मी नाही.

परभणीचा भिडू
बावनकोट, वर जरा जास्त बोललो. पण किलवरचं माझं बरोबरच आहे.

बावनकोट
अर्धं. रविवारी या, समोरासमोर मोजू. कान झाकून बसा.

तिर्री
पँडेमिकचा डबा माझ्याकडं आहे, मी घेऊन येते. फक्त मागच्या खेपेला मुंबईचं पान कुणाच्या तरी खिशातून गेलंय. बघा आपापल्या शर्टांत. नाही सापडलं तर किलवरची दश्शी मुंबई म्हणून खेळावी लागेल, आणि ती कुणी दाबून ठेवायची नाही.