‘आजी हॅज बिकम ब्रिटल’ या वाक्याविषयी

आत्या: दादा, आजीच्या तब्येतीविषयी सर्वांना एकदम कळावे म्हणून तू आज सकाळी ग्रुपवर इंग्रजीत लिहिलेस, हे फार बरे केलेस. मात्र ‘आजी हॅज बिकम ब्रिटल, प्लीज बी जेंटल विथ हर’ हे वाक्य वाचून, परदेशात वाढलेल्या आणि मराठी वाचता न येणाऱ्या तुमच्या बहिणीने मला स्वतंत्रपणे विचारले की, आजी आमच्यावर रागावली आहे का आणि आमचे काही चुकले आहे का. तिचा गैरसमज मी दूर केला आहे, पण तो कसा झाला हे तुम्हा मुलांना कळावे असे मला मनापासून वाटते.

दादा: आत्या, मी शब्दकोश पाहूनच लिहिले होते. डॉक्टरांनी आजीची हाडे ठिसूळ झाल्याचे सांगितले आणि ब्रिटलचा अर्थ ठिसूळ असाच दिला आहे. मग यात रागाचा संबंध कुठून आला?

आत्या: शब्दकोशाने तुला चुकीचे सांगितलेले नाही. ‘हर बोन्स हॅव बिकम ब्रिटल’ असे लिहिले असतेस, तर वाक्यात काहीही खटकले नसते. हाडे, नखे, केस, काच, जुन्या वहीचा पिवळा पडलेला कागद यांना हे विशेषण शब्दशः लागते. परंतु तेच विशेषण थेट माणसाला लावले की वाचणारा हाडांचा विचार करत नाही. वरून ताठ आणि कोरडे वागणारे, पण आतून इतके ताणलेले की एखाद्या शब्दानेही तोल जाईल, असे माणूस त्याच्या डोळ्यांसमोर येते. ‘ब्रिटल व्हॉइस’ म्हणजे अशक्त आवाज नव्हे. फोनवर कोणी ‘मी ठीक आहे’ असे म्हणते, पण प्रत्येक शब्द वेगळा, कडक, जणू मोडून ठेवल्यासारखा ऐकू येतो आणि पुढे एक प्रश्न विचारला तर रडू फुटेल की राग उसळेल हे सांगता येत नाही, तो आवाज ब्रिटल. अशा बोलण्याला आपण ‘तुटक’ म्हणतो. म्हणजे तुटण्याची कल्पना बोलण्यावर नेण्याचे काम मराठीनेही केले आहे, फक्त त्यासाठी ठिसूळ हा शब्द निवडलेला नाही. आपल्याकडे युक्तिवाद ठिसूळ असतो, पाया ठिसूळ असतो. माणसाच्या स्वभावाला किंवा हसण्याला आपण ठिसूळ म्हणत नाही. ‘ब्रिटल स्माइल’चे मराठी करताना मी ‘उसने हसू’ असे लिहीन.

काका: ताई, तू म्हणतेस तो ताठपणा या शब्दाच्या शब्दशः अर्थातच आहे, म्हणून धातूंच्या बाजूने थोडे लिहितो. आमच्या कामात ब्रिटल म्हणजे दुबळे नव्हे. तुटण्यापूर्वी जवळजवळ न वाकणारे, ते ब्रिटल. हातात खडू घेऊन मोडून पाहा. तो मुळीच न वाकता कट्कन तुटतो आणि दोन्ही तुकडे एकमेकांना लावले तर पुन्हा नेमके जुळतात. तांब्याची तार मात्र आधी वाकते, ताणली तर लांबते आणि बऱ्याच वेळाने तुटते. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, खांब प्रचंड भार पेलतो, पण हातोड्याचा जोराचा घाव बसला तर त्याला तडा जातो. काच इतकी कठीण असते की साध्या खिळ्याने तिच्यावर सहजी ओरखडा उठत नाही, तरीही हातातून पडली की तिचे तुकडे होतात. या गुणधर्माची भीती वाटते ती पूर्वसूचना मिळत नाही म्हणून. जानेवारी 1943 मध्ये अमेरिकेत पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना मध्यावर फाटले. त्या काळचे पोलाद थंडीत ठिसूळ होत असे आणि सलग वेल्डिंग केलेल्या सांगाड्यात एकदा तडा गेला की तो अडवणारे काही नसे.

आत्या: खडूचे उदाहरण मी जपून ठेवते, कारण लाक्षणिक अर्थ तिथूनच उगवतो. न वाकणे आणि एकदम तुटणे, या दोन्ही गोष्टी एकत्र असल्याशिवाय माणसाला ब्रिटल म्हणता येत नाही. नुसत्या नाजूकपणासाठी इंग्रजीत फ्रेजाइल आहे. पार्सलवर तोच छापतात आणि केव्हाही मोडेल अशा युद्धविरामालाही तोच लावतात. वयाने किंवा आजाराने खंगलेल्या माणसासाठी फ्रेल आहे. गंमत म्हणजे तिन्हींचे मूळ ‘तुटणे’ हेच आहे. फ्रेजाइल आणि फ्रेल हे एकाच लॅटिन शब्दाचे वंशज, एक लॅटिन रूपाच्या जवळ राहिलेला आणि दुसरा जुन्या फ्रेंचमधून झिजून आलेला; ब्रिटल मात्र इंग्रजीच्या जर्मानिक घराण्यातला. अर्थाचे मूळ एक असूनही वापराने त्यांच्यात इतके अंतर पाडले आहे की एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

धाकटी: माझ्या प्रोग्रामलाही मागे कार्यालयात कोणीतरी ब्रिटल म्हटले होते. एका ठिकाणी लहानसा बदल केला की भलतीकडेच काहीतरी बंद पडत असे.

आत्या: अगदी योग्य वापर. तिथेही वाकण्याची सोय नव्हती.

काकू: वैद्यकीय कागदांवर ‘ब्रिटल डायबिटीज’ असे पूर्वी वाचल्याचे मला आठवते. रक्तातील साखर एकाएकी खूप चढते किंवा उतरते आणि सहजी आटोक्यात राहत नाही, अशा मधुमेहाला तसे म्हणतात. म्हणजे तिथेही पूर्वसूचनेचा अभाव हीच खूण दिसते. आईंच्या बाबतीत मात्र तसे काहीही नाही, हे इथेच सांगून ठेवते, नाहीतर आणखी एक गैरसमज व्हायचा.

दादा: आत्या, मी सकाळचा संदेश काढून टाकतो. त्याऐवजी असे लिहू का: ‘आजीज बोन्स हॅव बिकम ब्रिटल अँड शी इज अ लिटल फ्रेल, बट शी इज चिअरफुल. प्लीज बी जेंटल व्हेन यू हेल्प हर स्टँड अप.’

आत्या: असेच पाठव. ‘जेंटल’ कशासाठी हवे, हे शेवटच्या वाक्यात आल्यामुळे तोही शब्द आता हात धरून उठवण्यापुरता राहिला. सकाळी वाचताना तो ‘आजीशी जपून बोला’ असा वाटत होता. मी तुझ्या बहिणीला हे वाचून दाखवते. तिला आजीशी आजच बोलायचे आहे.